सांडोरचं यीस्ट

सांडोर, वसई
१४ मे १९५०

प्रिय सिप्रियनदादा,

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहायला बसले आहे. पण आपल्या घरी पोलीस येऊन गेले, आणि ही बातमी एडनला तुझ्या कानावर दुसऱ्या कुणाकडून गेली तर वाटेत ती चांगलीच फुगलेली असेल. म्हणून मीच कळवते.

घाबरू नकोस. कुणाला धरून नेलं नाही. न्यायचं होतं ते मलाच.

झालं असं. एप्रिलपासून इकडे दारूबंदी आली. ताडांवरची मडकी उतरली. मी मुंबईच्या आमच्या संस्थेत यीस्टवर काम करते. यीस्ट म्हणजे ताडी आंबवणारे आणि पाव फुगवणारे सूक्ष्म जीव. माझं यीस्ट आपल्याच गावच्या ताडीतून वेगळं काढलेलं आहे. बंदीच्या आधीच काढलं, हे फौजदारांनाही सांगून झालं आहे. मे महिन्यात प्रयोगशाळेची डागडुजी निघाली, म्हणून मी माझ्या बाटल्या घरी आणल्या आणि गारव्याला खाटेखाली ठेवल्या. बाटल्यांच्या तोंडाला कापसाचे बोळे, आत फेस, आणि घरभर तो वास. शेजारच्या कुणीतरी वर्दी दिली.

फौजदार दोन शिपायांना घेऊन आले. बाबा केळीच्या वाडीतून धावत आले ते हातात कोयता तसाच घेऊन. त्याने आमची बाजू काही भक्कम झाली नाही.

"बाटल्यांत काय आहे?"

"यीस्ट."

"म्हणजे ताडी."

"ताडीतलं. ताडी नव्हे."

"बाई, म्हशीतलं दूध म्हणजे दूधच ना?"

तेवढ्यात आई स्वयंपाकघरातून पदर खोचत आली. "सायेब," ती म्हणाली, "ही पोर घरात दारू गाळते नि तिचा बाप खाटेवर झोपून खाली हात घालत नाय, असं होईल काय?" दोन्ही शिपाई हसले. बाबा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी माझे सर वसई रोडला उतरून टांग्याने सांडोरात आले. एवढ्या उकाड्यात टाय लावून. सर म्हणजे ज्यांच्या हाताखाली मी संशोधन करते ते. त्यांनी फौजदारांना इंग्रजीत पुष्कळ समजावलं. फौजदार पटल्यासारखं दाखवत राहिले. शेवटी ठरलं की बाटल्या राहतील, पण खोलीबाहेर पाटी पाहिजे. पाटी बाबांनी स्वतः खडूने लिहिली: 'यीस्ट. पिऊ नये.' ती अजून दारावर आहे आणि गावातली निम्मी माणसं ती वाचायला येऊन गेली.

मार्सेलबद्दल मी काही लिहिणार नाही. तुझा जिवलग मित्र, तुझ्याबरोबर एडनच्या बंदरात कामाला, माणूस सोन्यासारखा. तू आमचं जमवलंस, देवळात फादरांनी लग्नाची पहिली घोषणा केली, आणि मला संशोधनाची जागा मिळाल्याचं कळलं तशी मी नाही म्हणाले. तू त्याच आठवड्यात बोट पकडलीस. नंतर तुझं एक ओळीचं पत्र आलं: 'तुला शिकू दिलं हीच चूक झाली.' त्याला दोन वर्षं झाली. बघ, लिहिणार नाही म्हटलं आणि सगळंच लिहून बसले.

तुझी,
लुईझा


सांडोर
११ नोव्हेंबर १९५१

प्रिय दादा,

माझी मधली तीन पत्रं तुला मिळाली असं समजते, कारण ती परत आली नाहीत.

"दिवसभर त्या बाटल्यांशी काय बोलत असतेस?" असं आईने परवा विचारलं. तिला जे सांगितलं तेच तुला सांगते. यीस्टला द्राक्षातली साखर दिली की ते लगेच खातं आणि बुडबुडे सोडतं. पण दुधातल्या साखरेचा एक भाग असतो, गॅलॅक्टोज नावाचा. तो दिला तर नुसतं बसून राहतं. तासन् तास काही नाही. आणि मग एकाएकी बुडबुडे सुरू! जणू आधीपासून हेच खात आलंय.

आई म्हणाली, "रुसून बसतं. मग भूक लागली की गिळतं. यात शिकन्यासारखं काय हाय?"

शिकण्यासारखं हे आहे की तेवढ्या वेळात आत काय घडतं? आमच्या सरांचं मत असं की लाखो पेशींमध्ये थोड्या निराळ्या जन्मलेल्या असतात. त्यांनाच ही साखर पचते. बाकीच्या उपाशी राहतात, या वाढतात, आणि शेवटी सगळीकडे त्यांचीच प्रजा होते. सरांनी हे इंग्लंडात असताना छापलं आहे आणि त्यावर त्यांचं नाव झालं आहे. मला वाटायचं की नाही, हे साखर पचवणारं द्रव्य बनवायची अक्कल प्रत्येकच पेशीत आहे. ती नेहमी बंद असते आणि गरज पडली की उघडते.

दोघांत खरं कोण, हे ठरवायची युक्ती मला सुचली. यीस्टला साखर द्यायची, पण वाढायला लागणारं नायट्रोजनचं खाद्य द्यायचंच नाही. म्हणजे नवी पेशी जन्मणारच नाही. सर म्हणतात तसं असेल तर त्या थोड्या निराळ्या पेशी थोड्याच राहतील आणि बुडबुडे दिसणार नाहीत. मी म्हणते तसं असेल तर दिसतील.

दिसले, दादा! आधी आणि नंतर सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं. पेशी तेवढ्याच. एकही वाढलेली नाही, आणि भांड्यात बुडबुडे असे की मी खुर्चीवरून उठून उगीचच खिडकीपाशी जाऊन आले.

सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, "गावठी यीस्ट, गावठी निकाल. काहीतरी भेसळ आहे. पुन्हा करा." आणि त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंही बोलत नाहीत. मला न बोलणारी माणसं आता दोन झाली. एक एडनला आणि एक शेजारच्या खोलीत.

मी रडले वगैरे नाही. आईने जे पाहिलं ते मी कांदा चिरत असताना.

घरी सगळं ठीक. राजेळी केळीचे घड यंदा बरे आलेत, आई ती वाळवून सुकेळी करायला घेईल. तुझ्यासाठी ठेवायची का, असं तिने विचारलं. बाबा तिथेच होते. ते उठून बाहेर गेले, पण 'नको' म्हणाले नाहीत.

तुझी,
लुईझा


मुंबई
२ मार्च १९५२

प्रिय दादा,

आता सांगायला हरकत नाही. मागच्या पत्रानंतर मी माणिकपूरच्या शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला होता. तिथल्या सिस्टर तेरेसांनी मुलाखतीला बोलावलंही होतं. सर बोलत नाहीत, प्रयोग खोटा म्हणतात, मग वर्षानुवर्षं भांडी धूत कशाला राहायचं? मी ठरवलंच होतं. फक्त जायच्या आधी एकदा त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पुन्हा करून दाखवायचं, म्हणजे मनात खुटखुट राहायला नको.

भेसळीची शंका राहू नये म्हणून मी एकच पेशी उचलली. एकटी. तिच्यापासून पुढची सगळी पिढी वाढवली. एका आईची लेकरं म्हणजे निराळं कुणी असायला वाव कमी. आणि मग सरांच्या दारात जाऊन म्हटलं, "सर, या वेळी मोजणी तुम्ही करा. मी हात लावणार नाही."

ते आले. कोट काढला, बाह्या वर केल्या आणि बसले. मी मागे उभी. त्यांनी आधीची मोजणी केली. साखर घातली. आम्ही दोघं वाट बघत राहिलो. इतका वेळ की चहावाला दोनदा येऊन डोकावून गेला. मग भांड्याला जोडलेल्या नळीतला रंगीत द्रव सरकायला लागला. आत वायू तयार होत होता. सरांनी पुन्हा पेशी मोजल्या. पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजायला घेतल्या तेव्हा मीच म्हटलं, "सर, डोळे दुखतील."

त्यांनी मान वर केली. दादा, मी वाईटातल्या वाईटाची तयारी करून उभी होते. ते म्हणाले, "इतकी वर्षं माझं बरोबर होतं. पुष्कळ झालं. आता तुमची पाळी."

आणि हसले! त्यांना हसताना मी प्रथमच पाहिलं. निबंध माझ्या नावावर जाणार आहे. सरांनी त्यात स्वतःचं नाव घालू दिलं नाही. म्हणाले, आपल्याच विरुद्धच्या निबंधावर सही करायला मी काही संत नाही. सिस्टर तेरेसांना मी नम्रपणे नाही कळवलं. माझ्या 'नाही'ची आता गावाला सवय झाली असावी.

दुसरी बातमी. बाबांनी वाडीतला रहाट काढून तेलावर चालणारं इंजिन बसवलं. फटफट असा आवाज देवळापर्यंत जातो. बसवलं त्या संध्याकाळी ते विहिरीवर बराच वेळ नुसते बसून होते. मी हाक मारायला गेले तर म्हणाले, "हे तेव्हा असतं तर बरं झालं असतं." कोणासाठी ते बोलले नाहीत.

पण तुला आणि मला माहीत आहे. आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा तू इंग्रजी पाचवीत होतास आणि वर्गात पहिला होतास. रहाटावर माणूस हवा होता म्हणून बाबांनी तुला शाळेतून काढलं. मी लहान होते, बैल हाकायच्या कामाची नव्हते, म्हणून मी शाळेत राहिले. नुसत्या तेवढ्यावरून मी इथवर आले. तुझ्या त्या एका ओळीचा मला पहिल्यांदा फार राग आला होता. मग वाटलं, ती ओळ मार्सेलसाठी नव्हतीच.

बरोबर की चूक, ते तरी कळव.

लुईझा


सांडोर
२१ डिसेंबर १९५२

प्रिय दादा,

नाताळच्या शुभेच्छा. आई तळायच्या फुग्यांचं पीठ भिजवते आहे आणि ते आंबवायला ताडी नसल्यामुळे कुरकुरते आहे. मी माझं यीस्ट देऊ केलं तर म्हणाली, "तुझं रुसतं. मला संध्याकाळपर्यंत फुगे पायजेत."

गेल्या आठवड्यात मुंबईत शास्त्रज्ञांची सभा झाली. त्यात मी बोलले. बाबा आले होते! मी बोलावलं नव्हतं. धोतर, काळा कोट, डोक्याला ती लाल टोपी, आणि थेट पहिल्या रांगेत. त्यांना जागेवरून उठवायला एक गृहस्थ गेले, तर म्हणाले, "बोलते ती माझी पोर. मला कानाला कमी येतं." कानाला त्यांच्या काहीही झालेलं नाही.

भाषण इंग्रजीत. बाबांना एक शब्द कळला नाही. म्हणून त्यांनी एक उपाय काढला. मी श्वास घ्यायला थांबले की टाळ्या वाजवायच्या. पहिल्यांदा लोक वळून बघायला लागले. मग सरांनीही वाजवल्या. मग मागच्या रांगांनी. एका साध्या आकड्यावर असा टाळ्यांचा कडकडाट कुठल्याही सभेत झाला नसेल. मी हसू दाबता दाबता पुढचं वाक्यच विसरले.

नंतर चहाच्या वेळी बाबा सरांना गाठून काहीतरी विचारत होते. मला वाटलं यीस्टबद्दल. सरांनी मला परत जाताना सांगितलं. बाबांनी विचारलं होतं, विलायतेच्या वाटेवर एडन लागतं का, आणि तिथे पोचायला बोटीला किती दिवस लागतात.

हे तुला सांगायचं नव्हतं. पण आज नाताळ जवळ आला आहे म्हणून सांगितलं.

लुईझा


सांडोर
२ सप्टेंबर १९५३

प्रिय दादा,

मी पॅरिसला चालले आहे. दोन वर्षांसाठी.

तिथल्या एका संस्थेत हाच प्रश्न हाती घेतलेली मंडळी आहेत. त्यांनी माझा निबंध वाचला आणि बोलावलं. आता प्रश्न एक पाऊल पुढे गेला आहे. साखर पचवायची अक्कल प्रत्येक पेशीत आहे, हे तर झालं. पण तिला 'आता उघड' असं कोण सांगतं? आणि त्याआधी ती बंद कोण ठेवतं? विचार कर, आपल्या डोळ्याच्या पेशीत आणि नखाच्या पेशीत वारसा एकच आहे, सगळे हुकूम तेच. तरी नखाला दिसत नाही. का? हे यीस्टमध्ये किंवा त्याहून लहान जंतूंमध्ये कळलं तर पुढे सगळीकडे कळेल. मला हे आठवलं की झोप उडते, आणि जाग आली की बरं वाटतं.

फादर बॅप्टिस्ट मला फ्रेंच शिकवतात. त्यांना येतं लॅटिन. ते म्हणतात, फ्रेंच म्हणजे लॅटिनच, फक्त नाकातून. पॅरिसला माझं काय होईल ते देवाला माहीत.

घरी सांगितलं तेव्हा आई आधी रडली आणि मग तिथे भात मिळतो का ते विचारू लागली. बाबा दोन-तीन दिवस वाडीत नुसते खणत होते. खणायचं काही नव्हतं. मग एका सकाळी बाजारात गेले आणि खांद्यावर पत्र्याची नवी पेटी घेऊन आले. माझ्यासमोर ठेवून म्हणाले, "हिला कुलूप चांगलं हाय." एवढंच.

दादा, बोट ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात निघते आणि एडनला थांबते. काही तास. बोटीचं नाव आणि तारीख सोबतच्या चिठ्ठीवर लिहिली आहे. तू बंदरातला माणूस, तुला मी काय सांगणार.

मी कठड्यापाशी उभी असेन. यायचं नसेल तर येऊ नकोस, मी रागावणार नाही. हे वाक्य खरं नाही. मी फार रागावेन.

लुईझा


तांबड्या समुद्रात, बोटीवर
ऑक्टोबर १९५३

प्रिय दादा,

तुझी लाँच दिसेनाशी झाली तशी मी खाली येऊन हे लिहायला बसले. पंखा डोक्यावर गरम वारा ढकलतो आहे. माझ्या केबिनमधली मिशनरी बाई विचारते, "तो तुमचा भाऊ होता का? तुम्ही दोघं भांडत होता की हसत होता?" मी सांगितलं, दोन्ही.

तू काय काय बोललास ते तुला आठवत नसेल, कारण तू सगळा वेळ घाबरलेला होतास. मला सगळं आठवतं. सकाळपासून मी उन्हात उभी. अरबांच्या होड्या आल्या, टोपल्या विकणारे आले, कोळशाने काळी झालेली माणसं आली, तू नाही. मी मनात म्हटलं, ठीक आहे, नाही तर नाही. आणि मागून आवाज आला, "बारीक झालीस." पाच वर्षांनी पहिला शब्द! तू दुसऱ्या बाजूच्या शिडीने वर आला होतास, कारण बंदरातली माणसं तिथूनच चढतात. आणि तुझ्यामागे मार्सेल, आणि मार्सेलमागे त्याची बायको सुझान, हातात झाकलेली थाळी घेऊन.

माझी काय अवस्था झाली असेल! मार्सेलला काय बोलायचं याची मी मुंबईपासून तयारी केली होती. तो मला बोलूच देईना. "लुईझा, तू नाही म्हणालीस म्हणून मी वाचलो. घरात पोलीस आले असते तर माझी नोकरी गेली असती." म्हणजे माझी पत्रं त्यालाही माहीत! सुझान म्हणाली, "आम्हाला सगळी वाचून दाखवतो. टाळ्यांचं तर दोनदा वाचलं." आणि तू समुद्राकडे बघत उभा, कान लाल.

मग तुझ्या खोलीवर गेलो. सुझानचं माशाचं कालवण आणि भात. घर सोडल्यापासून पहिलं पोटभर जेवण. मी सहज पडदा सरकवला तर मागे फळीवर बीजगणित, भूमिती, इंग्रजी व्याकरण. मला वाटलं शेजारच्या कुणा शाळकरी पोराची असतील. "कुणाची पुस्तकं?"

तू म्हणालास, "कुणाची तरी."

मार्सेल म्हणाला, "याने तुला सांगितलं नाही? अगं, हा परीक्षा पास झाला! केंब्रिजची, मॅट्रिकच्या तोडीची. मिशनच्या शाळेतले मास्तर शिकवणी द्यायचे. गणितात पहिल्या वर्गात."

"गप्प बस, मार्सेल."

"कधी?" मी विचारलं.

"गेल्या साली."

"आणि कळवलं नाहीस? आईला? मला? बाबांना?"

तू पडदा पुन्हा ओढून घेतलास. मग म्हणालास, "कळवलं असतं तर रागवायला काय उरलं असतं? इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो, बाबांनी मला शिकू दिलं नाही. आता पास झालो. आता कोणत्या तोंडाने रागवू?"

सुझानला हसू आवरलं नाही. मग मला. मग तूही हसलास, आणि हसताना तुझ्या डोळ्यांतून जे आलं त्याला तू सुझानच्या कालवणाचं तिखट जबाबदार धरलंस. मी मान्य केलं.

लाँचवर बसताना तू माझा हात धरून म्हणालास, "बाबांना सांगू नकोस. मी आपणहून सांगेन. वेळ आली की." मी मान डोलावली. तुला वाटलं मी हो म्हटलं.

दादा, बोट सुटल्यावर मी पहिलं पत्र हे लिहिलेलं नाही. पहिलं बाबांना लिहिलं. मोठ्या अक्षरांत, म्हणजे त्यांना चष्म्याशिवाय वाचता येईल: 'सिप्रियन पास झाला. गणितात पहिला वर्ग.' बाकी काही लिहिलं नाही. बोटीच्या टपालपेटीत टाकलं आणि आता ते काढून घ्यायची सोय नाही. सुवेझला ते उतरेल आणि परत तुझ्याच दारावरून वसईला जाईल.

आता हवं तितकं रागव. पण लवकर आवर, कारण बाबांना मी ओळखते. पत्र पोचलं की ते लाल टोपी घालून आधी देवळात जातील, मग गावभर हिंडतील आणि भेटेल त्याला सांगतील. आणि मग पहिल्या बोटीची चौकशी करतील.

तुझी खोली झाडून ठेव.

लुईझा